मुक्या तळ्याचं कोरं लुगडं

सांभाळून उतरा मंडळी, पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. हे आमचं मुकं तळं. हवं तर ओंजळभर कुंकू टाकून बघा. ते तळाशी जाऊन बसेल, पण पाण्याला रंग चढणार नाही. गावात कुणाचंही लग्न निघालं की नवरीच्या हातावर कोरं लुगडं ठेवून तिला आधी या पायरीवर उभी करतात. बाप तिला तीनदा रंग विचारतो, मगच मंडळी बस्ता बांधायला बाजारात जातात.

असं सांगतात की इथे रखमाजी नावाचा रंगारी होता. करडईच्या फुलांतून त्यानं काढलेला कुसुंबी रंग बघायला परगावचे लोक यायचे म्हणे. बायको मागेच गेलेली, घरात एकुलती एक लेक, येसू. तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं विचारलं, "पोरी, लुगडं कुठल्या रंगाचं करू?" ती खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तो, आबा."

बाप सुखावला. केवढी गुणाची पोर! तिथेच तो चुकला. नवं कापड तीनदा पाण्यातून काढल्याशिवाय त्यातली खळ जात नाही आणि रंग धरत नाही, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. लेकीला मात्र त्यानं एकदाच विचारलं.

मग ज्याला त्याला तोंड फुटलं. कुसुंबी केलं, ते आत्याला भडक वाटलं. हिरवं केलं, तर व्याह्यांचा निरोप आला की आमच्यात पिवळं लागतं. पिवळं केलं, तर मामा फुगून बसला, कारण पिवळं द्यायचा मान त्याचा. दर वेळी जुना रंग उतरवायचा, म्हणजे कापड पापडखारात भिजवून तळ्यात खळबळून काढायचं. रंगाऱ्याकडे धुणं बायकांचं, आणि घरात बाई एकच. माघाच्या थंडीत येसू कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आपल्याच लग्नाचे रंग धूत होती. अंगात ताप होता. तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. माझ्या तर जिवाची आग होते हे सांगताना.

हळदीच्या दिवशी, भर दुपारी, पुन्हा कोरं झालेलं लुगडं मांडीवर घेऊन ती या पायरीवर टेकली, ती उठलीच नाही.

निदान आता तरी तिच्या आवडीच्या रंगात तिला न्यावं, म्हणून रखमाजीनं सगळे रांजण उघडले. मग त्याच्या ध्यानात आलं, तिला कुठला रंग आवडतो हे आपल्याला माहीतच नाही. आत्याला माहीत नव्हतं, शेजारणींना नव्हतं. तो तिच्या उशाशी बसला आणि विचारत राहिला, "येसू, कुठला गं?" तीनदा विचारलं म्हणे. शेवटी कोऱ्या लुगड्यातच तिला नेलं. परत येऊन त्यानं सगळे रांजण तळ्यात उपडे केले. पाण्यानं एकही रंग घेतला नाही.

तेव्हापासून ही रीत आहे. 'तुम्ही म्हणाल तो' हे उत्तर इथे धरत नाहीत, पुन्हा विचारायचं असतं.

माझी शेवंता अकरा वर्षांपूर्वी इथेच उभी होती. दोनदा म्हणाली, "तुम्ही म्हणाल तो, अण्णा." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले होते तिचे. वर विहीणबाईंचा टेम्पो खोळंबला होता, म्हणून मीच म्हणालो, "हिरवाच घेऊ." तिनं मान हलवली. गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली. सासरच्यांनी हिरव्या साडीतच नेली.

आजही गावात लग्न निघालं की बाप इथे येऊन तीनदा विचारतात. लग्न नसलं की मी येतो. या पायरीवर बसून विचारतो, "शेवंता, कुठला गं?" आणि या वेळी घाई करत नाही.