दुनळीचा गंज

हत्यारांना तोंड होतं तेव्हाची गोष्ट. हैबतीच्या घरची जुनी दुनळी बंदूक लोहाराकडं दुरुस्तीला आली. दर दसऱ्याला तिच्यावर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि तशीच ओली टांगायची. तेलाचं बोट कुणी लावलं नाही. पूजेनंच गंजली बिचारी.

डावी नळी लोहाराच्या कानशीला म्हणाली, "कानसबाई, घासा मला. एकदा बार उडवू दे."

"गप गं!" उजवी नळी खेकसली. "आतून कागदासारख्या झालोय आपण. फुटलो तर हैबतीचं तोंड जाईल."

"मग वरून तरी चकाकवा, बाई."

कानस म्हणाली, "चकाकवीन की, माझं काय जातंय? पण चकचकीत दिसलीस तर हैबती काडतूस भरणारच."

नेम धरताना हैबती दस्त्याला गाल टेकायचा, ते डावीला आठवलं. मग म्हणाली, "राहू दे गंज. तो बघून तरी हैबती लांब राहील."

लोहारानं घासायला घेतलं, तर कानस नुसतीच घसरत राहिली. कंटाळून त्यानं बंदूक परत दिली.

दसऱ्याला पुन्हा पाणी पडलं. डावीनं मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि मुकाट ओली राहिली.