भोंग्याला घंटेचं उत्तर

चिंचखेडीच्या माध्यमिक शाळेत आपत्तीचा सराव घ्यायला दबीरसाहेब आले, ते नव्वद पानांची नियमावली आणि एक भोंगा घेऊनच. भोंगा वाजला की दोन मिनिटांत शाळा रिकामी झाली पाहिजे, असा नियम. साहेबांनी भोंगा वाजवला. पोरं गंमत बघायला खिडक्यांशी जमली आणि गणिताचे मास्तर फळ्यावरचं उदाहरण पुरं करत राहिले. शाळा रिकामी व्हायला अकरा मिनिटं लागली.

"शाळा नापास," म्हणत साहेबांनी शेरा लिहायला पेन काढलं. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला.

शिपाई शेवंताबाईंना ते बघवेना. पोरं वर्गात परतल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, एकदा माझ्या पद्धतीनं बघू का?" आणि त्यांनी शाळा सुटल्याची लांब घंटा दिली. दीड मिनिटात शाळा रिकामी झाली. गणिताचे मास्तर सगळ्यांच्या पुढे होते.

साहेब चाट पडले. "एवढा सराव घेता तरी कधी?"

"रोज की. संध्याकाळी पाच वाजता."

"बरं, आता सगळ्यांना आत बोलवा."

शेवंताबाईंनी फाटकाबाहेर पाहिलं. पोरं केव्हाच ओढ्यापलीकडे गेली होती.

"बाहेर काढायचं काम माझं होतं, साहेब. परत आत आणायचं कलम तुमच्या नव्वद पानांत असेल, ते तेवढं बघा."