बापूसाहेबांचा भरवसा

पतसंस्था बुडणार, ही कुजबुज सकाळी बाजारात आली आणि नऊच्या आत संस्थेच्या दाराशी रांग लागली. ब्लाउज शिवणाऱ्या शेवंताबाई ठेवीची पावती मुठीत घट्ट धरून उभ्या होत्या. डोळे थकून मशीन बंद पडेल, त्या दिवसांसाठी ठेवलेले ते दोन लाख होते.

तेवढ्यात चेअरमन बापूसाहेब इंगवले गाडीतून उतरले आणि पायरीवरून गरजले, "अफवांवर विश्वास ठेवू नका! आत्ता ठेव मोडलीत तर व्याज हातचं जाईल. इथला पैसा माझ्या खिशातल्या पैशाइतकाच सुरक्षित आहे!"

रांग चुळबुळली. शेवंताबाई पुढे झाल्या.

"मग ठेव मोडतच नाही, बापूसाहेब. ही पावती तुमच्या नावावर करून देते. वर्षाचं व्याजही तुम्हीच घ्या. मला फक्त मुद्दल द्या, तुमच्या खिशातून."

बापूसाहेबांचा हात खिशात गेला आणि बाहेर आला तो रुमाल घेऊन. घाम पुसत ते कॅशियरला हळूच म्हणाले, "यांचं आधी भागवा."

तोवर मागून सगळी रांग ओरडली, "बापूसाहेब, आमच्याही पावत्या तुमच्याच नावावर करा!"