तुम्ही व्हा पुढे

डोंगराच्या उतारावर पसरलेल्या एका जंगलात एक सशीण राहत असे, आणि तिच्या झुडपापासून हाकेच्या अंतरावर एक म्हातारा साळिंदर. शेजारी म्हणवतात आणि हाकेच्या अंतरावर राहतात, असे कसे, असे तुम्ही विचाराल. तर बाळांनो, साळिंदराच्या पाठीवर वीतवीत लांबीचे काटे असतात. त्याचा शेजार कितीही चांगला असला, तरी तो जरा लांबूनच बरा. साळिंदराला हे पुरते ठाऊक होते. म्हणून तो कुणाच्या दारात फार वेळ थांबत नसे, पाणवठ्यावर सर्वांचे पिऊन झाले की मग जाई, आणि वाटेत कुणी समोरून आले तर आधी आपणच बाजूला होई. असा तो भिडस्त प्राणी होता.

त्या जंगलातला झरा दर वैशाखात आटत असे. मग सगळे प्राणी तीन-चार दिवसांची वाट तुडवून दूरच्या नदीच्या डोहावर जात आणि पावसाळा तोंडावर आला की परतत. या यात्रेचा म्होरक्या होता एक वानर. त्याचे नियम पक्के असत. पहाटे निघायचे, ऊन चढले की सावलीला थांबायचे, उन्हे कलली की पुन्हा चालायचे. वाटेत कंद उकरत बसायचे नाही, फळे वेचत रेंगाळायचे नाही. वानर स्वतः मात्र फांद्यांवरून उड्या मारत, हाताला लागेल ते फळ तोंडात टाकत जाई. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते यालाच, फक्त उंटाच्या जागी झाड. पण खरे बोलायचे तर त्याच्या यात्रेतून आजवर कुणी हरवले नव्हते, कारण प्रत्येक मुक्कामाला तो हाळी घेत असे. हाळी म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकेकाने आपला आवाज द्यायचा. नीलगाय हुंकार देई, चितळीण कूक करी, तिचे पाडस तिची नक्कल करी. सशिणीचा गळा बारीक, म्हणून ती मागचे पाय जमिनीवर आपटून थप थप करी. सर्वांत शेवटी वानर हूप करी आणि म्हणे, "सगळे आले." मगच लोक पाठ टेकत.

साळिंदर या यात्रेत कधी गेला नव्हता. तो आणि त्याची साळिंदरीण आपल्या आडवाटेने, आपल्या चालीने, कंद उकरत, गप्पा मारत सर्वांच्या नंतर दोन दिवसांनी डोहावर पोचत. पण मागच्या पावसाळ्यात साळिंदरीण गेली. तेव्हापासून त्याच्या बिळातून बोलण्याचा आवाज येईनासा झाला होता. सशीण तिला काकू म्हणत असे आणि त्याला काका. या वैशाखात काका एकटेच निघणार, हे तिच्या मनाला पटेना.

ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली की यंदा आमच्याबरोबर चला. तो म्हणाला, "नको गं. एकटा जीव सदाशिव. माझ्या काट्यांचा लोकांना त्रास कशाला?" दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तेव्हा तो "बघू" म्हणाला आणि विषय बदलला. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या बिळाच्या तोंडाशी फतकल मारून बसली.

"काका, काकू असत्या तर मी बोललेही नसते," ती म्हणाली. "पण आता वाटेत तुम्हाला काही झालं, तर आम्हाला कळायचं कसं? तुम्ही हो म्हणेपर्यंत मी इथून उठत नाही."

साळिंदराने मान खाली घातली. मग म्हणाला, "येतो. तू इतकं म्हणतेस तर येतो." आणि लगेच, कधी निघायचे, असेही त्याने विचारले. पहिला नकार हा या म्हाताऱ्याचा खरा नकार नसतो, हे सशिणीला त्या दिवशी कळले. ते ती पुढे विसरली, म्हणून तर ही गोष्ट सांगायची वेळ आली.

पहिला दिवस छान गेला. संध्याकाळच्या हाळीत वानराने साळिंदराला सशिणीच्या मागचा क्रम दिला. तिने थप थप केले, आणि साळिंदराने पाठीवरचे काटे हलवून खुळ खुळ आवाज काढला. पाडसाला तो खुळखुळा इतका आवडला की ते हसत सुटले. मग साळिंदराने गरज नसताना आणखी एकदा वाजवून दाखवला. कितीतरी महिन्यांनी सशिणीने त्याला खुशीत पाहिले.

दुसऱ्या दिवशी एक अरुंद खिंड लागली. सगळे दाटीवाटीने चालत असताना साळिंदराचा एक काटा पाडसाच्या मांडीला लागला. ते कळवळून ओरडले. साळिंदराने पुन्हा पुन्हा माफी मागितली. चितळीण भली बाई. ती म्हणाली, "असू दे, होतं असं." पण त्यानंतर तिने पाडसाला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतले, आणि साळिंदराने ते पाहिले. नीलगायीने एक लांब सुस्कारा सोडला. संध्याकाळी वानराने तोडगा काढला की साळिंदरकाकांनी सर्वांच्या मागे चालावे, म्हणजे कुणालाच अडचण नको. तोडगा चुकीचा नव्हता. त्या दिवशीच्या हाळीत मात्र खुळखुळा एकदाच वाजला, तोही बेताने.

तिसऱ्या दिवशी सशीण त्याच्या सोबतीने मागे चालली. तो आज फारच सावकाश चालत होता. दुपारच्या सावलीत ती त्याच्याकडे आली, तेव्हा तो पुढचा उजवा पंजा चाटत होता. तिला पाहताच त्याने पंजा पोटाखाली ओढून घेतला आणि ऊन फार आहे असे काहीतरी म्हणाला. तिने पंजा पाहिला होता, पण विचारले नाही. तिच्या स्वतःच्या घशाला कोरड पडली होती, आणि पुढच्यांची निघायची गडबड ऐकू येऊ लागली होती.

उन्हे कलली तेव्हा यात्रा एका उघड्या माळाच्या कडेला आली. नजर पोचेल तिथवर खडक आणि वाळके गवत, झाड नावाला नाही. वानराला तो माळ मुळीच आवडत नसे, कारण तिथे त्यालाही इतरांसारखे जमिनीवरून चालावे लागे. तो कुरकुरत म्हणाला की इथे चढायला एक फांदी नाही, पटपट पाय उचला, अंधाराच्या आत पलीकडच्या झाडीत पोचायला हवे. एवढ्यात समोरून वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर नदीचा ओला वास आला. मग काय विचारता, नीलगाय चालायची सोडून धावायलाच लागली.

साळिंदर माळाच्या कडेला थांबला. म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी येतो मागून."

सगळे वळून पाहू लागले.

"नक्की ना, काका?" सशिणीने विचारले.

"नक्की. मला एकट्याने चालायची सवय आहे. तुझी चाल वेगळी, माझी वेगळी. जा तू, पोरी."

वानर म्हणाला की मग हाळीत काकांचा क्रम सोडून देऊ, उगाच खोळंबा नको. चितळीण म्हणाली की त्यांना त्यांच्या चालीनेच बरे पडत असेल. नीलगायीला तर सुंठीवाचून खोकला गेल्यासारखे झाले. आणि सशीण? बाळांनो, मला सशीण आवडते, तरी लपवाछपवी करणार नाही. तिलाही हायसे वाटले. एकदा विचारले, ते नक्की म्हणाले, आता आपल्याकडे बोल नाही, असे तिने मनाशी म्हटले आणि टुणटुण उड्या मारत ती पुढच्यांना जाऊन मिळाली. माळाच्या मध्यावर तिने एकदा मागे वळून पाहिले. साळिंदर चालत होता. इतक्या लांबून तो फार लहान दिसत होता.

पलीकडच्या झाडीत पोचल्यावर हाळी झाली. नीलगाय, चितळीण, पाडस, मग सशीण. तिने थप थप केले आणि सवयीने क्षणभर कान टवकारले. वानराने लगेच हूप केले. पण त्या दोन आवाजांच्या मधल्या फटीत, मागे माळाच्या बाजूला, अगदी पुसट खुळ खुळ वाजले. सशीण झटकन माळाकडे वळली. मग तिने स्वतःची समजूत घातली की शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा असतील, वाऱ्यावर त्या अशाच वाजतात. पहाटे निघण्यापूर्वी पुन्हा हाळी झाली. पुन्हा तिच्या थप थपनंतर तो आवाज आला, कालच्याहून क्षीण. "शेंगाच," ती पुटपुटली. तिला कुणी काही विचारलेही नव्हते.

त्याच सकाळी सगळे डोहावर पोचले. पोट भरून पाणी प्याले, पाडस पाण्यात उतरून बागडले. वानराने हाळी घेतली आणि म्हणाला, "सगळे आले." ते ऐकून सशिणीला पाणी गोड लागेना.

ती दोन दिवस वाटेकडे डोळे लावून बसली. लोक म्हणाले, अगं, तो दरवर्षी दोन दिवस उशिराच यायचा. तिसऱ्या दिवशी तांबडे फुटताच ती कुणाला न सांगता उलट दिशेने निघाली. तिला एकटीने चालायची मुळीच सवय नव्हती. पान सळसळले तरी ती दचके. आपल्या मागेपुढे कुणी नसले की वाट किती लांबते, हे तिला पावलागणिक कळत गेले.

ऊन चढता चढता ती माळावर आली. माळाच्या मध्यावर बोराटीचे एक खुरटे झुडूप होते. त्याच्या वीतभर सावलीत साळिंदर पडलेला होता. त्याचे तोंड डोहाच्या दिशेला होते. त्याला जाऊन दोन दिवस तरी झाले असावेत. पुढचा उजवा पंजा सुजून दुप्पट झाला होता, आणि त्यात बोराटीचा एक जुना काटा खोल रुतलेला होता. खिंडीतच कुठेतरी लागला असेल. ज्याच्या अंगावर एवढे काटे, त्याने पायात काटा मोडला म्हणून तक्रार करायची, तर लोक हसतील, असे त्याला वाटले असणार. सशिणीला तर चार दातांनी तो काटा एका झटक्यात उपटता आला असता. त्याच्यासाठी दुपारच्या सावलीत फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता.

त्याच्या भोवती जमिनीवर पुष्कळ काटे गळून पडले होते. कुणाशी झटापट झाल्याची खूण नव्हती. खूप वेळ, खूप जोराने वाजवत राहिल्यावरच इतके काटे गळतात. सशिणीने मान वर करून चारी दिशांना पाहिले. त्या माळावर शिरीषाचे झाड नव्हते. कुठलेच झाड नव्हते. हे तिला आत्ता कळले असे नाही. तो माळ तिने स्वतःच्या पायांनी ओलांडला होता आणि वानराची कुरकुर स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

ती त्याच्या अगदी जवळ जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्याच्या इतके जवळ बसायचे धाडस केले. काटे टोचले, पण ती सरकली नाही. मग तिने मागचे पाय जमिनीवर आपटले, थप थप, आणि त्याचा क्रम येऊन निघून जाईपर्यंत ती तशीच थांबली.

डोहावर परतून तिने सर्वांना खरे ते सांगितले, शेंगांचेही सांगितले. कुणी तिला बोल लावला नाही, कारण लावायला कुणाचे तोंडच उरले नव्हते. चितळीण पाडसाला कुशीत घेऊन रडली. वानर दिवसभर झाडावर चढला नाही.

पुढच्या वैशाखात त्याच माळाच्या कडेला नीलगाय थांबली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून." सशीण तिच्यासमोर बसली आणि तिने नक्की का म्हणून विचारले. नक्की, नीलगाय म्हणाली. सशिणीने दुसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा नीलगाय खाली पाहत म्हणाली की गुडघा फार दुखतो आहे. मग सगळी यात्रा तिथेच एक दिवस थांबली. डोह कुठे पळून जात नव्हता. तो मागच्या वर्षीही पळून जात नव्हता.

त्या यात्रेत अजूनही हाळी होते. सशिणीच्या थप थपनंतर वानर आता लगेच हूप करत नाही. सगळे थोडा वेळ गप्प राहतात. तेवढ्यात कुठे वाळल्या शेंगा वाजल्या, तर एकूण एक जण वळून मागे पाहतो.

तात्पर्य : एकट्याने जावे की सोबतीने, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण सोबत घेतलेला वाटेत "तुम्ही व्हा पुढे" म्हणाला, तर त्याला एकदाच विचारून निघून जाऊ नये. एकदा विचारणे ही रीत झाली, पुन्हा विचारणे ही माया.