मोगऱ्या ओ देईना

ऐका हं. आधी राजा नाही, राणी नाही, आधी एक झूल. थंडीत घोड्याच्या पाठीवर जाड पांघरूण घालतात ना, ती झूल. एका सकाळी ती सैल झाली. काल पोटाखालचा पट्टा नीट बसत होता, आज पट्ट्याखालून अख्खी मूठ आत जात होती. एवढंच झालं. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर त्याने पट्टा आवळला असता आणि कामाला लागला असता. पण दिसलं कुणाला? धीराला.

धीरा म्हणजे राजाची मुलगी. नाव धीरा, आणि पाल चुकचुकली तरी ताडकन उठून बसायची. दुधावर साय जाड आली तरी हिला शंका, पातळ आली तरी शंका. झूल सैल झालेली पाहिली आणि ती घाबरलीच.

का, ते सांगते. राजा होता डोंगरावरच्या एका इवल्याशा राज्याचा. इतकं इवलंसं, की सकाळी राजा नांगर धरायचा आणि दुपारी तोच न्याय करायचा. त्या राज्यात सगळं पिकायचं, मीठ तेवढं नव्हतं. म्हणून दिवाळी सरली की राजा बैलांवर रिकाम्या गोण्या टाकून घाट उतरायचा, समुद्राकाठचं मीठ भरायचा आणि पौषात परत यायचा. आणि पौषात घाटात धुकं पडायचं. कसलं धुकं म्हणता? स्वतःचं नाक स्वतःला दिसू नये असं! एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कडा, मधून बोटभर वाट. पाऊल चुकलं की गेलाच माणूस.

पण राजाकडे मोगऱ्या होता. पांढराशुभ्र घोडा. तो घाटमाथ्यावर उभा राहून खिंकाळला, की धुकं जुन्या लुगड्यासारखं टर्रकन फाटायचं आणि वाट मोकळी व्हायची. होताच तसा तो. आता मात्र म्हातारा झाला होता. म्हणून जाताना राजा म्हणाला, "धीरा, मोगऱ्याचं पोट भरलेलं ठेव हो. रिकाम्या पोटी त्याचा आवाज फुटत नाही. आणि तो खिंकाळला नाही, तर मला घरची वाट दिसायची नाही."

आता कळलं, झूल सैल झाली तर ती का घाबरली?

त्या सकाळी तिने हाक मारली, "मोगऱ्याऽ!" रोज हाक मारली की तो खिंकाळायचा. तो त्याचा ओ. त्या दिवशी त्याने नुसती मान वर केली, फुर्र केलं आणि मान खाली घातली.

मग धीराने चंदी वाढवली. चंदी म्हणजे घोड्याचं दाणापाणी, बरं का. हरभरे दुप्पट, गवत दुप्पट. संध्याकाळी पाहावं तर गव्हाण रिकामी. आणि सकाळी पाहावं तर झूल आणखी सैल. बरगड्या दिसायला लागल्या. पागेतल्या चिमण्या तेवढ्या गुबगुबीत झाल्या होत्या.

"दाणे जातात, आणि घोडा वाळतो," धीरा मनाशी म्हणाली. "म्हणजे खातंय दुसरंच कुणीतरी."

पहिला संशय आला सटवाजीवर. सटवाजी पागेतला मोतद्दार, मोगऱ्याला खरारा करणारा, पाणी दाखवणारा. चांगला माणूस, पण थंडी पडल्यापासून त्याचं पोट सुटलं होतं. दिवसभर पोट सपाट, संध्याकाळी जाताना बंडीखाली हा एवढा नगारा! आणि चालायचा कसा, तर हात पोटाशी धरून, हळूहळू. धीरा दाराआड उभी राहिली. सटवाजी निघाला तशी पुढे झाली.

"सटवाजी, बंडीत काय आहे?"

"काही नाही, बाईसाहेब."

"काही नाही, मग हलतंय काय?"

सटवाजीने मान खाली घालून बंडीची गाठ सोडली. आतून तीन काळी नाकं बाहेर आली. कुत्रीची पिल्लं! कुत्री पागेच्या मागे व्याली होती, पिल्लं थंडीने कुडकुडत होती, म्हणून तो रोज संध्याकाळी त्यांना घरी चुलीपाशी न्यायचा आणि सकाळी परत आईपाशी आणायचा. एका पिल्लाने धीराच्या बोटाला जीभ लावली तशी ती किंचाळली, आणि पिल्लूही किंचाळलं.

सटवाजी हसला नाही. इतकंच म्हणाला, "या घोड्याचा दाणा मी खाईन होय? मागितलं असतं तर तुम्हीच दिलं असतं ना?" आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून धीराने हाक मारली की तो यायचा, काम करायचा, पण तोंडातून ओ म्हणून काढायचा नाही.

मग दुसरा संशय. गव्हाणीच्या मागे केर काढताना धीराच्या हाताला काहीतरी ओलं लागलं. पाहते तर काय, लिंबाएवढे गोळे! हिरवे-काळे, ओले, गवताचे वळलेले. एक नाही, रांगच्या रांग. धीरा अशी मागे उडाली, की पाण्याच्या बादलीतच बसली.

"करणी!" ती ओरडली. "कुणीतरी करणी केली!"

मग काय विचारता. तिने मोहऱ्या घेतल्या, लाल मिरच्या घेतल्या, मोगऱ्यावरून ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. असा ठसका उठला! मोगऱ्या शिंकला, धीरा शिंकली, चिमण्या आढ्यावरून भुर्र उडाल्या. गोळे तिने चिमट्याने उचलून गावाबाहेर पुरले. आणि सकाळी गव्हाणीमागे पाहावं तर, ताजे गोळे! तस्सेच, ओले, लिंबाएवढे.

मग धीराला सगळ्यांचाच संशय यायला लागला. पाणक्याकडे ती टक लावून बघायची. गुरवाचा नमस्कार तिला वाकडा वाटायचा. हरभऱ्याच्या कोठीला तिने कुलूप घातलं आणि किल्ली वेणीत बांधली. लोक तिला पाहिलं की रस्ता बदलायचे. तिने हाक मारली की जो तो बहिरा. इकडे पौष लागला, कोपऱ्याकोपऱ्यातून धुकं सरपटत यायला लागलं, आणि मोगऱ्या नुसता हाडांचा सापळा.

आणि मग ठक, ठक, ठक.

भरदुपारी आवाज आला. थोरल्या आत्याबाईंच्या खोलीतून. दार आतून बंद.

आत्याबाई म्हणजे राजाची सगळ्यात मोठी बहीण. हल्ली त्या पंगतीला बसत नव्हत्या. ताट खोलीत न्यायच्या, दार लावून जेवायच्या. का बरं? आणि जेवण झालं की हे ठक, ठक. धीराने दाराला कान लावला. दगडावर दगड. काहीतरी कुटतंय.

"हरभरे!" ती म्हणाली, आणि तिने दाराला असा धक्का दिला, की कडीच निघाली.

"अगं अगं, दार मोडशील की!" आत्याबाई दचकल्या. त्यांच्या मांडीशी इवलासा खलबत्ता होता.

"आत्याबाई, त्यात काय आहे?"

"तुझं कपाळ आहे!"

"मोगऱ्याचे हरभरे कुटताय तुम्ही."

"हरभरे कुटून मी काय शर्यतीत धावायची आहे का?" आत्याबाईंनी खलबत्ता तिच्या नाकाखाली धरला. आत विड्याचं पान, सुपारी, चिमूटभर कात. "विडा आहे माझा. दात गेले म्हणून काय विडाही सोडू? हे बघ." आणि त्यांनी तोंड उघडलं. "एक दात इकडे, एक तिकडे, आणि दोघांचं बोलणं बंद."

धीराला हसू आलं. पण तेवढ्यात तिचं लक्ष ताटाकडे गेलं. ताटाच्या कडेखाली काहीतरी लपवलं होतं. ओले, चघळलेले, लिंबाएवढे गोळे!

"आत्याबाई, हे?"

आत्याबाईंचा चेहरा एवढासा झाला. "भाकरीचा चोथा गं. चावत नाही, गिळवत नाही. चारचौघांत तोंडातून काढायची लाज वाटते. म्हणून तर पंगतीला येत नाही मी. आणि ताटाखाली दडपते, वाढणाऱ्या पोरींना दिसू नये म्हणून."

धीरा तिथून पळतच सुटली, ती थेट पागेत. मोगऱ्याचा ओठ तिने हळूच वर केला आणि आत बोट घातलं. घाबरली, पण घातलं. जात्याला टाकी लावून खाचा पाडायच्या राहिल्या की जातं कसं गुळगुळीत होतं, पीठच पडत नाही? तशा त्याच्या दाढा. गवत चावत नव्हतं. तो बिचारा चघळायचा, गोळा व्हायचा, आणि कुणी बघत नाही असं पाहून नाकाने गव्हाणीमागे ढकलायचा. आणि हरभरे? ते अख्खेच गिळायचा, आणि ते अख्खेच बाहेर पडायचे. चिमण्या ते कुठून वेचत होत्या, हे आता मला विचारू नका. हसा, हसा!

चोर नव्हता, करणी नव्हती. मोगऱ्याला लाज वाटत होती.

मग धीरा सटवाजीकडे गेली. "चुकलं माझं," म्हणाली, आणि मोगऱ्याच्या दाढांचं सगळं सांगितलं.

"आधी माझी झडती घ्या, मग बोलू," सटवाजी म्हणाला. पण असं म्हणत म्हणतच त्याने पाटा-वरवंटा उचलला.

धीराने वेणीतली किल्ली सोडली आणि कोठी उघडली. मग हरभरे भिजत पडले. मऊ झाले की सटवाजी ते ठेचायचा. जवस शिजायचं, गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात कालवायचा, वर गुळाचा खडा. गवत बारीक कापून भिजवायचं. आणि एकदम ढीग नाही हं, थोडं थोडं, दिवसातून कितीदा तरी. पाणीसुद्धा कोमट, कारण गार पाण्याने त्याचे दात ठणकायचे.

पण मोगऱ्या तोंड लावेना! सगळ्यांसमोर पातळ पेज खायची? तो राजाचा घोडा! त्याने मान फिरवली.

तेव्हा आत्याबाई आल्या. हातात ताट, ताटात दुधात कुस्करलेली भाकरी. पागेत, गवतावर, मोगऱ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"हे बघ रे बाबा," म्हणाल्या, "मीही राजाची बहीण आहे. मी खाते, तूही खा." आणि भुरका मारला.

मोगऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं. मग घमेल्यात तोंड घातलं, ते तळ चाटूनच वर काढलं. त्या दिवसापासून दोघांची पंगत पागेत बसायला लागली.

धीराचा संशय लगेच गेला का? छे! रोज सकाळी ती पट्ट्याखाली मूठ घालून बघायची. मूठ जायची. मग नुसती बोटं जायला लागली. मग एका सकाळी बोटही जाईना. त्याच सकाळी दाराबाहेर पाहिलं तर अंगण नव्हतं, गाव नव्हतं, डोंगर नव्हता. सगळं पांढरं. धुकं पडलं होतं, आणि राजाची यायची वेळ टळून गेली होती.

पुढे सगळं नीट झालं, हे मी आत्ताच सांगून ठेवते. कुणी काळजीत झोपायचं नाही. राजा घरी जेवला, आमटीत मीठ पडलं, मोगऱ्याने आणखी कितीतरी हिवाळे पाहिले, आणि धीरा पालीला दचकायची ती दचकतच राहिली. आता डोळे मिटा. मिटलेत? धुक्यात असंच दिसतं. कान तेवढे उघडे ठेवा.

घाटमाथ्यावर धीरा उभी आहे. एका बाजूला सटवाजी, एका बाजूला आत्याबाई, मधे मोगऱ्या. धीरा हाक मारते, "आबासाहेऽऽब!" ओ नाही. कुठे घंटा नाही, बैल नाही. कड्याखाली एक दगड गडगडत जातो, आणि धीरा आत्याबाईंचा पदर घट्ट धरते.

मोगऱ्या खिंकाळतो. धुकं हलत नाही.

मोगऱ्या पुन्हा खिंकाळतो. धुकं जरासं थरथरतं.

मग मोगऱ्या पाय रोवतो, भरलेलं पोट आत ओढतो आणि असा खिंकाळतो, असा खिंकाळतो, की टर्रर्र! वरपासून खालपर्यंत धुकं फाटतं.

धीरा ओंजळ तोंडाशी धरते. "आबासाहेऽऽऽब!"

आणि खालून, अगदी खालून, घंटांच्या आवाजातून आवाज येतो,

"ओऽऽऽ! आलो गं, पोरी!"