गाण्याआधीचं बोलणं

“...आणि माइकसमोर गेल्यावर पाय लटपटायला लागले तर, आक्का?”

“बसून म्हन.”

“तसं नाही. घसा कोरडा पडतोय.”

“पानी पी.”

“चार वेळा प्यालो.”

“म्हनून तर चार वेळा शाळेच्या मागं जाऊन आलास,” आक्का म्हणाली.

मला हसू आलं. सुगतने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली मान घालून ढोलकीच्या दोऱ्या ओढायला लागलो.

खडकजांब गावच्या शाळेतली चौथीच्या वर्गाची ती खोली. आम्हाला बसायला दिलेली. बाहेर शंभर पावलांवर गावची बारव, म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर. गावाने दोन वर्षं खपून तिच्यातला गाळ काढला होता, दगड घासून काढले होते, त्याचा आज सोहळा होता. बारवेच्या काठालाच स्टेज घातलं होतं. पाच वाजता आमचा कार्यक्रम आणि आता साडेचार होत आले होते.

सुगत म्हणजे आमच्या पार्टीचा गायक. सत्ताविशीचा गडी. मोबाइलवर त्याचं गाणं लाखांनी ऐकलं जातं. एकदा एका गावात भर कार्यक्रमात लाइट गेली, तर हा बिनामाइकचा अर्धा तास गात राहिला आणि लोक हलले नाहीत. भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. शिवाय ढोलकी कशी वाजवायची हे तो मला शिकवतो. मला, तीस वर्षं ढोलकी बडवणाऱ्याला. तेव्हा त्याचे पाय लटपटताना बघून मला जरा बरंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

ठकूआक्का त्याची गुरू. तशी आमची सगळ्यांचीच. पार्टी तिनेच उभी केली. ऐंशी कधीच ओलांडली. गुडघे गेले, आवाज गेला, तोंड शाबूत आहे. दहा वर्षं ती कुठल्या कार्यक्रमाला आलेली नाही. पण खडकजांबचं नाव ऐकलं आणि सकाळी आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली.

“लवंग धरू का तोंडात?” सुगतने विचारलं.

“धर.”

“मिरी?”

“ती पन धर. फोडनीच घाल.”

“आक्का, मी चेष्टा करत नाहीये.”

“मी पन न्हाई. बोल, काय म्हननार हाईस ते.”

“गाणं? ते पाठ आहे की.”

“गान्याआधीचं.”

...

आता हे गाणं कुठलं ते सांगायला हवं. ‘उन्हं आली डोईवर, किती उभी राहू मी’ असं ते सुरू होतं. आमच्या भागात हळदीला हे म्हटल्याशिवाय नवरीला पाटावरून उठू देत नाहीत. कुणी कधी बांधलं, कुणी विचारत नाही. जुनं आहे म्हणतात आणि ताल धरतात.

ते आक्काने बांधलंय. हे आम्हा पार्टीवाल्यांना माहीत होतं. कुठे बांधलं, ते मात्र तिने गेल्या आठवड्यात सांगितलं, खडकजांबचं बोलावणं आल्यावर.

सोळाव्या वर्षी ती या गावात नांदायला आली. आमच्या जातीच्या वस्तीला बारवेच्या पायऱ्या उतरायला मनाई. घागर घेऊन काठावर उभं राहायचं, कुणाला दया आली तर त्याने वरून ओतायचं. एका उन्हाळ्यात ती सकाळपासून उभी राहिली आणि दुपारपर्यंत कुणी ओतलं नाही. बायका आल्या, भरून गेल्या. उभ्या उभ्या तिने ते गाणं जुळवलं. पुढच्या महिन्यात नवराबायकोने गाव सोडलं.

एवढं सांगून ती सुगतला म्हणाली होती, “तिथं म्हनशील तेव्हा हे आधी सांगायचं. माझं नाव नको घेऊस. बारवेचं घे.”

त्या दिवसापासून गड्याचा घसा कोरडा.

...

“म्हन,” आक्का म्हणाली.

सुगत उठून फळ्यासमोर उभा राहिला. घसा खाकरला.

“रसिकहो, आता सादर करतो आपल्या मातीतलं एक पारंपरिक हळदीचं गीत. आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. गोड मानून घ्या...”

आवाज कसा, लोण्यासारखा. हात जोडलेले, मान जराशी तिरकी, ओठांवर हसू. मी शंभरदा ऐकलंय ते.

आक्काने त्याच्या पायांकडे बोट केलं.

“लटपटले?”

सुगतने खाली पाहिलं.

“...नाही.”

“खोटं म्हनताना किती घट्ट उभा ऱ्हातोस. आता खरं म्हन.”

“रसिकहो. हे गाणं... हे गाणं या बारवेच्या...”

तिथे तो थांबला. हात थरथरायला लागला होता, तो त्याने पाठीमागे नेला. आम्हाला दिसू नये म्हणून. आम्हाला काय, चौथीच्या पोरांनाही दिसला असता.

आक्काने बाकावर ठेवलेली खंजिरी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

“ह्या हातात धर.”

“मी खंजिरी वाजवत नाही.”

“वाजीव म्हनलं का? धर म्हनलं.”

त्याने धरली. कडेच्या पितळी चकत्या किणकिणायला लागल्या. तो हलत नव्हता, तरी वाजत होती. त्याने दुसऱ्या हाताने चकत्या दाबून धरल्या.

आक्काने पुढे वाकून त्या दुसऱ्या हातावर फटका मारला.

“वाजू दे.”

“लोकांना ऐकू जाईल.”

“मंग? लोक ऐकायलाच बसल्यात.”

...

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष पोपटराव आत आले. पांढरे कपडे, फेटा, चांगला माणूस. आक्कासाठी त्यांनीच गादीची खुर्ची पाठवली होती. ती कोण, कुठली, त्यांना ठाऊक नव्हतं. पार्टीतली म्हातारी म्हणून मान देत होते.

“आजी, चहा पोचला ना? शाहीर, सुरुवात त्या हळदीच्या गाण्यानेच करा हं. आमच्या बायकांची फर्माईश आहे. जरा प्रसन्न सुरुवात होऊ द्या.”

“हो हो,” सुगत म्हणाला.

पोपटराव गेले. सुगत खाली बसला. खंजिरी त्याने मांडीवर पालथी ठेवली.

“आक्का, माणसं बदललीत हो. बघताय ना तुम्ही? खुर्ची दिली, चहा दिला. शेवटी शाल देणार आहेत तुम्हाला.”

“घेईन की. थंडीची लागते.”

“मग कशाला उकरून काढायचं?”

“बदलली असतील तर ऐकून घेतील.”

“आणि नसतील बदलली तर?”

“मंग त्यांनाच ऐकवायचंय.”

सुगतचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा उठून जाणार. तसा तो फार मानी आहे.

“तुम्हाला काय जातंय सांगायला?” तो म्हणाला. “उभं मला राहायचंय. कार्यक्रम बंद पाडला, कुणी अंगावर आलं, व्हिडिओ काढून भलतंच लिहिलं... मला पुढे कोण बोलावेल?”

“दुपारपातूर उभी होते मी. तू दोन मिनिटं ऱ्हा.”

“मग तुम्हीच सांगा ना! गाणं तुमचं आहे. चला, मी हात धरून नेतो स्टेजवर.”

मी ढोलकीवरचा हात काढला. आक्काशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

...

आक्का रागावली नाही. पदराने तोंड पुसलं.

“मी सांगितलं तर काय व्हईल, सांगू? बिचारी म्हातारी म्हनतील. हात जोडतील. दोघीतिघी रडतील, येऊन पाया पडतील. जेवून घरी जातील.”

“मग चांगलंच आहे की.”

“मला न्हाई पाया पडून घ्यायचं. मी काय मागायला आलीया का?”

सुगतने मांडीवरची खंजिरी सुलटी केली.

“ते गानं तू रोज म्हनतोस, सुगत. तुला नाव त्यानं दिलं, मोबाइलवर तुझा फोटू त्यानं आनला. कुठनं आलं ते सांगायला लाज वाटती?”

“लाज नाही, आक्का.” त्याचा आवाज अगदी बारीक झाला. “भीती वाटते.”

“मंग तसं सांग.”

...

पाच वाजता आम्ही स्टेजवर गेलो. पुढे सोफे, त्यावर पाहुणे. मागे खुर्च्या. बायका पार मागे, देवळाच्या ओट्यावर. आक्काला पोपटरावांनी पहिल्या रांगेत बसवलं.

सुगत माइकसमोर उभा राहिला. उजव्या हातात खंजिरी. माइकच तो, किणकिण सगळ्या गावभर गेली. लोकांना वाटलं गाणं सुरू झालं, कुणीतरी टाळीही वाजवली.

“हे मी वाजवत नाहीये,” सुगत म्हणाला. “माझा हात थरथरतोय. मला भीती वाटतेय. कारण आता जे सांगणार आहे ते मी आजवर एकदाही सांगितलेलं नाही.”

टाळी थांबली.

“तुम्ही हळदीला जे गाणं म्हणता, ते हळदीचं नाही. ते याच बारवेच्या काठावर झालं. सोळा वर्षांची एक सून रिकामी घागर घेऊन इथे सकाळपासून दुपारपर्यंत उभी होती. ती आमच्या जातीची, म्हणून तिला पायऱ्या उतरायची बंदी होती. आणि त्या दिवशी तिच्या घागरीत या गावाने पाणी ओतलं नाही. मी हे गाणं पारंपरिक म्हणून सांगत आलो. ते खोटं होतं. आता ऐका.”

एवढं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पोपटराव उभे राहिले. साउंडवाल्याकडे बघून त्यांनी पंजा पालथा केला. कट्‌ असा आवाज आला आणि माइक मेला.

सुगतने आक्काकडे पाहिलं. आक्का खाली बघत होती, पायाने चप्पल चाचपडत होती. तिने काही मान वर केली नाही. मला तिचा असा राग आला, सांगतो. पोराला एवढं चढवलंस, आता निदान बघ तरी. तिने पाहिलं असतं तर सगळं गाव तिच्याकडेच बघायला लागलं असतं, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

सुगत स्टेजवरून खाली उतरला. मला वाटलं, चालला जीपकडे. तो बारवेच्या काठावर, पहिल्या पायरीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने तिथून गाणं उचललं. ‘उन्हं आली डोईवर...’ मी ढोलकी गळ्यात अडकवली आणि धावलो. काय करणार, ताल चुकला असता तर पुन्हा मलाच शिकवला असता.

सोफ्यावरची माणसं एकेक करून उठली. कुणी शिवी दिली, कुणी घड्याळ बघितलं. एक जण ओरडला, “बंद करा रे ते.” सुगतने बंद केलं नाही. खंजिरी हलतच होती, आता माझ्या ठेक्याच्या मधेमधे.

माइक होता तोवर देवळाच्या ओट्यावर बसून बायकांना ऐकू येत होतं. आता येईना. मग त्यातली एक उठून पुढे आली. तिच्यामागे दोघी. मग पुष्कळ. सोफ्याच्या मधून वाट काढत काठापर्यंत आल्या आणि उभ्या राहिल्या. गाणं त्यांना पाठ होतं, पण एकीनेही सूर धरला नाही. ऐकत राहिल्या. मधे एका म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. ती रडत होती की रागावली होती, मला सांगता येणार नाही.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या नाहीत. शाल आली नाही. दुसरं गाणं म्हणा, असंही कुणी म्हणालं नाही. आम्ही सामान गुंडाळलं.

...

जीप गावाच्या शिवेबाहेर पडली. सुगत आक्काच्या शेजारी बसला होता. हात मांडीखाली दाबून.

“आक्का...”

“हूं.”

“पुढच्या महिन्यात तालुक्याला कार्यक्रम आहे. तिथेही हे असंच सांगायचं?”

“तुला काय वाटतं?”

“सांगणार.” तो म्हणाला. मग हात मांडीखालून काढून तिच्यापुढे धरला. अजून थरथरत होता. “पण हे बघा ना. सांगून झालं, गाऊन झालं, तरी थांबत नाही. सवय झाल्यावर तरी थांबेल ना हो?”

आक्काने तो हात आपल्या हातात घेतला. नीट पाहिला. मग त्याच्या मांडीवर परत ठेवला.

“थांबंल त्या दिवशी हे गानं सोड.”