आजोबा कुणाचे?

चिंचणगडच्या निंबाजीराव सरदारांचा इतिहासमहाल वादळात कोसळला, आणि आता साऱ्या राज्याने सुतक पाळावं असं त्यांना वाटू लागलं! महालात काय नव्हतं? गंजलेल्या तलवारी होत्या, खापरपणजोबांची पिकदाणी होती. तिकिटाशिवाय आत पाऊल टाकता येत नसे, आणि तिकिटाचा पैसा सरदारांच्या तिजोरीत शिरला की पुन्हा उजेड पाहत नसे.

"महाराज, इतिहास रयतेचा! महाल सरकारी खजिन्यातूनच बांधायला हवा," सरदार गहिवरून म्हणाले.

राजाही गहिवरला. तळ्याच्या फुटक्या बांधासाठी ठेवलेला पैसा त्याने महालाकडे वळवला. तळ्याखाली मळा कसणारी तुळसा माळीण तडक दरबारात आली. पाण्यावाचून तिची वांगी माना टाकून बसली होती.

"महाराज, महाल सरदारांचा. त्यांनीच बांधावा."

"ते तर रयतेचा म्हणतात."

"तिकीट फाडताना नाही म्हणत!"

राजा मोठा हट्टी. "असं? मग त्यांच्या तोंडून 'माझं' एवढं वदवून दाखव! उद्या महालापाशी दरबार भरेल. जमलं नाही, तर बांध विसर!"

सरदार मिशीत हसले. जीभ त्यांनी अशी सांभाळली, की जेवताना बायकोला म्हणाले, "रयतेच्या ताटात जरा भाजी वाढा."

दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातल्या वस्तू अंगणात मांडल्या होत्या. तुळसा गावकऱ्यांना घेऊनच आली.

"रयतेचा माल, रयतेने न्यावा!"

लोहाराने विळ्यासाठी तलवार उचलली. सरदार कसंबसं हसले. "न्या, न्या! रयतेचीच ती!"

तुळसाने पिकदाणीत झेंडूचं रोप लावलं.

"वा! शोभतंय हो!" सरदार घाम पुसत म्हणाले.

मग तिने एक भलंमोठं चित्र उभं केलं. "हे कोण?"

"रयतेचे... आजोबा."

"अगंबाई! मग रयतेलाच विचारू. काय हो, आपल्या आजोबांना एवढ्या मिशा हव्यात?"

"नकोत!" गाव ओरडलं.

"तर मिशा पुसू, नथ घालू, आजीच करून टाकू यांची!" तिने कुंचला रंगात बुडवला.

"खबरदार, माळणी! माझे आजोबा आहेत ते!"

सरदारांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण शब्द निसटून गेला होता. राजा मात्र सहजी हरेना.

"आजोबा सरदारांचे, पण महाल रयतेचा असू शकतो की!"

"असू दे ना, महाराज! मग सरदारांचे आजोबा रयतेच्या घरात फुकट का राहतात? एक तर भाडं भरावं, नाहीतर स्वतःचं घर बांधावं!"

राजा असा खदखदून हसला, की मुकुट कानावर आला. "बांधाचा पैसा बांधाला! आणि या माळणीला भरजरी शालू!"

शालू खांद्यावर टाकून तुळसा निघाली, तेव्हा सरदार आजोबांना छातीशी कवटाळून गवंड्याशी मजुरीची घासाघीस करत होते.